खंडूभाऊंचं पथ्य आणि गावाचा मान

"मॅडम, चार्टच्या भाईर एक घास खाल्ला न्हाई," खंडूभाऊ म्हणाले आणि वाक्य पुरं व्हायच्या आत ओपीडीतल्या टॉयलेटकडे धावले.

त्यांची बायको मंदाताई बाकावर बसल्या होत्या. "खरंय त्यांचं. मीच शिजवती, मीच वाढती," त्या म्हणाल्या.

मी कामशेतजवळच्या एका छोट्या हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ आहे. खंडूभाऊ आंदर मावळातल्या त्यांच्या गावाहून कान्हे स्टेशनपर्यंत जीप चालवतात. तिकडे एसटी नावापुरती. कॉलेजची पोरं, कंपनीतले कामगार, बाळंतिणी, सगळ्यांची भिस्त या जीपवर. भाऊंना व्हायरल ताप आला, सोबत जुलाब. ताप उतरला, पोट काही थांबेना. भरलेली जीप रस्त्यात सोडून ड्रायव्हर सारखा झाडीत पळायला लागला तर कसं व्हायचं? जीप दारात उभी होती आणि गाव पायी चालत होतं.

आमच्या मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा पाहिले. सगळे नॉर्मल. रक्त पडत नव्हतं, ताप नव्हता.

"या आठवड्यात फरक पडला नाही तर पुण्याला पाठवू. दुर्बिणीने आतडी बघावी लागतील," ते म्हणाले.

"हा आठवडा मला द्या, सर."

"तुमच्या पेजेवर फार विश्वास दिसतोय."

"आहेच."

व्हायरलनंतर पोट का रुसतं, ते सांगते. आतड्याला आतून नाजूक अस्तर असतं. आजारात ते दुखावतं. अन्न पचवायला मदत करणारे चांगले जिवाणूही कमी होतात. काही दिवस दुधातली साखर पचत नाही, कच्चे रस झेपत नाहीत. ताक मात्र बऱ्याच जणांना सोसतं, कारण विरजणातल्या जिवाणूंनी त्यातली थोडी साखर आधीच संपवलेली असते. म्हणून माझा चार्ट साधा होता. जुन्या तांदळाची पेज, मुगाचं वरण, ताजं ताक, पिकलेलं केळं. यात चूक नव्हती. म्हणजे चूक घरात होती.

त्याच आठवड्यात भाऊंच्या भागात आमचा आरोग्य तपासणीचा कॅम्प होता. तो आटोपून मी न सांगता भाऊंच्या घरी गेले. भाऊ ओटीवर पेज पीत होते, अगदी चार्टप्रमाणे. मंदाताईंनी माझ्याकडे बघितलं, जणू विचारत होत्या, झाली का खात्री?

तेवढ्यात शेजारच्या पारूमावशी आल्या. गाय व्यायली होती. वाटीत खरवस, वर वेलदोडा. भाऊंनी वाटी कपाळाला लावली आणि दोन घास खाल्ले. मागून एक कामगार किवी घेऊन आला. भाऊंनी त्याच्यासमोर एक सोलून खाल्लं. मग गावातले वडीलधारे धोंडूआबा पपईच्या पानांचा रस घेऊन आले. डेंगी नव्हताच, पण रस आला. भाऊंनी डोळे मिटून तोही घेतला.

मला राग आला. "भाऊ, हे सगळं चार्टमध्ये आहे का?"

खंडूभाऊ खरोखरच गोंधळले. "मॅडम, हे खानं न्हाई. हा मान हाय. जेवान तुमच्या चार्टपरमानंच चाललंय."

ते खोटं बोलत नव्हते. मंदाताईही नव्हत्या. ताटात पडतं ते जेवण. पाहुण्यासमोर तोंडात घालायचं ते जेवणात धरतच नाहीत.

"आजपासून कुणी काही आणायचं नाही," मी सांगून टाकलं.

आबांनी काठी टेकवली. "रिकाम्या हातानं कसं यायाचं? माझी सून बाळंतपणाला येळंवर पोचली ती याच्या जीपनं. मी हात हालवीत येऊ व्हय?"

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. माणूस जेवढा गावाच्या उपयोगाचा, तेवढं त्याचं पोट धोक्यात. मी जरा विचार केला.

"बरं, आबा. तुमच्याकडे जुना इंद्रायणी तांदूळ आहे?"

"हाय की, कणगीभर."

"मग येताना ओंजळभर तोच आणा. सगळ्यांनी तोच आणायचा. मंदाताई सगळ्यांचा तांदूळ एकत्र करून पेज करतील. भाऊ ती तुमच्यासमोर पितील. मान राहील, पोटही राहील."

आबांनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी खरवसाच्या वाटीकडे पाहिलं. "जमंल," आबा म्हणाले. गावात तेवढं पुरतं.

आठवडा संपायच्या आत भाऊंचं पोट ताळ्यावर आलं. पुण्याची वारी टळली. मोठे डॉक्टर म्हणाले, "औषध बदललंत का?"

"नाही सर, पाहुण्यांच्या हातातलं बदललं."

तेव्हापासून डाएट चार्ट देताना मी आधी विचारते, घरी भेटायला कोण कोण येतं? पथ्य एकट्या रुग्णाला सांगून भागत नाही, गावालाही सांगावं लागतं.

पुढच्या कॅम्पला मी कान्हे स्टेशनवरून खंडूभाऊंच्याच जीपने गेले. गावात उतरले तर पारूमावशी वाटी घेऊन उभ्या. आता दुसऱ्या कुणाची तरी गाय व्यायली होती. मला दूध अजिबात पचत नाही, हे मी मावशींना सांगणारही होते. खंडूभाऊ स्टेअरिंगवर हात ठेवून माझ्याकडे बघत होते.

मी वाटी कपाळाला लावली आणि दोन घास खाल्ले.