पाखाबाबूची दहा पानं

“अकरा वेळा एकच चित्र आहे. मी मोजलंय.”

“ते अकरा दिवस आहेत, मंदिरादी.”

“दिवस कॅलेंडरात असतात. पुस्तकात पानं असतात. पानाला कागद लागतो, शाई लागते, शिवणाऱ्याची बोटं लागतात.”

“म्हणून तुम्ही दहा पानं कापलीत?”

“एक ठेवलं ना. समजायला एक पुरतं. तुझे वाचक काय ढ आहेत?”

तोर्षा पालित या सत्तावीस वर्षांच्या चित्रकर्तीने डोळे मिटून घेतले. बहुधा ती मनात आकडे मोजत होती. तिच्यासमोर अठ्ठावन्न वर्षांच्या मंदिरा समाद्दार शाल नीट करत बसल्या होत्या. दोघींच्या मध्ये टेबलावर कालच छापून घडी घातलेल्या कागदांचे गठ्ठे. परवा कलकत्त्याचा पुस्तकमेळा सुरू होणार होता आणि उद्या दुपारी हे गठ्ठे शिवायला जाणार होते.

“दीदींनी केलं ते बरोबरच केलं,” छापखान्याचे मालक बिभास कुंडू माकडटोपीतून म्हणाले. “पुस्तक बरोब्बर नऊ फर्म्यांत बसलं. एकशे चव्वेचाळीस पानं. एक पान कोरं नाही. असं सुख आजकाल बघायला मिळत नाही, तोर्षा.”

मंदिरादींची सगळी कीर्ती या सुखावर उभी होती. मोठा कागद छापून दुमडला की सोळा पानांचा एक फर्मा होतो, आणि पुस्तक फर्म्यांच्या हिशेबात संपलं नाही की शेवटी कोरी पानं लोंबकळतात. मंदिरादींना कोरं पान दिसलं की पाहुण्यांसमोर कुणी फाटकं बनियन घालून आल्यासारखं वाटे. प्रूफं तपासणारे त्यांचे काका आजारी पडले म्हणून पंधरा दिवस बदली काम करायला त्या या छापखान्यात आल्या, त्याला आता एकतीस वर्षं झाली होती. काका बरे झाले, निवृत्त झाले, वारले. बदली काम चालूच होतं. या काळात त्यांनी पंचांगं तपासली, परिचारिकांची मार्गदर्शकं तपासली, सहावीच्या भूगोलातल्या नद्या दर वर्षी त्याच समुद्राला मिळतात ना, हे तपासलं. एका कादंबरीकाराच्या नायिकेला त्यांनी दोन पानं आधीच मारलं होतं, कारण फर्मा तिथे संपत होता. कादंबरीकार महिनाभर बोलला नाही. मग परीक्षणं आली. नायिकेचं मरण फार संयत आहे म्हणून तिन्ही परीक्षणांत वाखाणणी होती. तेव्हापासून तो दर विजयादशमीला मिठाई घेऊन येई.

थोडक्यात, कापण्याचा त्यांना अनुभव होता.

“तुम्ही वाचलंत तरी का ते?” तोर्षाने विचारलं.

“तपासलं.”

“वाचलंत का?”

“तपासणाऱ्याने वाचायचं नसतं. वाचायला लागलं की चुका दिसत नाहीत.”

तोर्षाच्या ‘पाखाबाबू’चं, म्हणजे पंखाबाबूचं, असं होतं. एक मध्यमवर्गीय गृहस्थ, अंगात बुशशर्ट, हातात डबा, पण मानेवर डोक्याच्या जागी छताचा पंखा. बायकोकडे त्याचा रेग्युलेटर. एकवर ठेवला की तो कुशल विचारतो, तीनवर राजकारण बोलतो, पाचवर गेला की प्रेम करतो आणि खोलीतल्या चादरी, कपडे, लग्नाचे फोटो सगळं उडून जातं. त्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर एक रोहू मासा भाड्याने राहतो आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. चार वर्षं तोर्षा हे इंटरनेटवर टाकत होती, रोज एक चित्र. चाळीस हजार माणसं ते बघायची. चाळीस हजार माणसं फुकट बघतात, तर तीनशे विकत घेतील, या शास्त्रशुद्ध विचाराने कुंडूंनी निवडक चित्रांचं पुस्तक घेतलं होतं आणि मुखपृष्ठावर ‘फक्त प्रौढांसाठी’ हे शब्द तोर्षाच्या नावापेक्षा मोठे टाकले होते. घड्या घालणाऱ्या बायकांनी पाच नंबरची पानं इतक्या बारकाईने तपासली होती की तेवढी पानं मंदिरादींनी पुन्हा तपासायची गरजच नव्हती.

वाद होता तो शून्य नंबरच्या पानांचा. रेग्युलेटर शून्यावर, नवरा पलंगावर गोधडीखाली बंद पडलेला, बायको कडेला बसलेली, हात रेग्युलेटरवर. एवढंच. हे चित्र तोर्षाने अकरा दिवस रोज टाकलं होतं.

“पुन्हा छापायला हवं,” ती कुंडूंना म्हणाली. “त्याच्याशिवाय पुस्तकाला अर्थ नाही.”

“पुस्तकात माणसाला पंखा आहे आणि मासा भाडं भरतोय. अर्थ तिथेच राहिला,” कुंडू म्हणाले. “चूक छापखान्याची असेल तर छापखाना पुन्हा छापतो, आमच्या वडिलांपासूनची पद्धत आहे. पण मग ज्याची चूक त्याने स्वतःच्या हाताने त्या वहीत लिहायचं. वहीत नाही तर चूक नाही.”

खिळ्याला टांगलेली ती चुकांची वही सगळ्या गल्लीला ठाऊक होती. तीत खुद्द कुंडूंचं नाव सतरा वेळा होतं. त्यांच्या वडिलांचं चार वेळा, त्यातलं एक दुर्गापूजेची तिथी चुकल्याचं, त्या साली त्यांना घराबाहेर पडता आलं नव्हतं म्हणतात. मंदिरादींचं नाव एकदाही नव्हतं. नव्या माणसाला कामावर घेतलं की कुंडू आधी त्याला वही दाखवत आणि म्हणत, यात कोण नाही ते बघ. निवृत्तीवेतन नाही, बढती नाही, पंखा थेट डोक्यावर येतो अशी खुर्चीसुद्धा नाही. एकतीस वर्षांत मंदिरादींनी कमावलं ते हेच, एका वहीत नसणं.

“माझी चूक नाही,” त्या म्हणाल्या. “सारखी पानं दोनदा आली तर काढायची, हा नियम आहे. ही तर अकरा वेळा आली होती.”

“जिथे आलं होतं तिथे तरी एकदा बघा,” तोर्षा उठत म्हणाली. “फोनवर पाठवते. खाली लोकांनी लिहिलंय तेही बघा. तपासू नका, नुसतं बघा.”

“ही काय परीक्षा आहे?”

“असती तर तुम्ही गाईड छापलं असतंत.”

संध्याकाळी घरी मंदिरादींनी फुलकोबीची भाजी टाकली आणि ओट्याशी उभ्या राहून फोन उघडला, केवळ त्या पोरीचं म्हणणं किती पोकळ आहे याचा पुरावा हवा म्हणून. बाहेरच्या खोलीत त्यांचे यजमान शिबतोषबाबू आरामखुर्चीत होते. ट्राम कंपनीतून निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती. ट्रामचे रूळ उखडले तरी त्यांचं वेळापत्रक चालू होतं. सकाळी खुर्ची, दुपारी पलंग, संध्याकाळी परत खुर्ची. मधल्या थांब्यांवर ‘हूं’.

पहिल्या दिवशीच्या चित्राखाली लोकांनी हसून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी लिहिलं होतं, दीदी, चुकून कालचंच टाकलंत. मंदिरादींना या माणसाबद्दल फार आदर वाटला. तिसऱ्या दिवशी लोक चिडले. चौथ्या दिवशी एकाने लिहिलं, तिने आज बोट हलवलंय, नीट बघा. पाचव्या दिवशी वाद पेटला. निम्मे म्हणाले हललं, निम्मे म्हणाले नाही, आणि बंगाल्यांचा वाद असल्याने तो लवकरच फुटबॉलवर गेला. सातव्या दिवशी आसनसोलची एक बाई म्हणत होती की गोधडी कालपेक्षा खाली घसरली आहे.

घसरली नव्हती. चित्र तेच होतं. या बाबतीत मंदिरादींइतकं छातीठोक सगळ्या कलकत्त्यात कुणी सांगू शकलं नसतं. त्यांनी पर्समधून भिंग काढलं आणि फोनवर धरलं. गोधडीची किनार, बोटं, पलंगाचा पाय, सगळं तसूभरही इकडेतिकडे नाही. मग आठव्या दिवसावर त्यांना वाटलं, बाईची मान किंचित वाकली आहे. त्या मागे गेल्या. वाकली नव्हती. पुढे आल्या. वाकली होती.

नवव्या दिवशी कुणीतरी फक्त इतकंच लिहिलं होतं: आमच्याकडे हे चित्र चौथ्या वर्षात आहे. त्याखाली सहाशे माणसांनी हात जोडले होते.

भाजी खाली लागली. वास बाहेरपर्यंत गेला.

“ऐकलंत का,” मंदिरादी दाराशी येऊन म्हणाल्या, “आज छापखान्यात एका पुस्तकावरून मोठा वाद झाला.”

“हूं.”

“माझी चूक आहे म्हणतात.”

शिबतोषबाबूंनी खुर्चीचा हात धरला, जरासे पुढे झाले, पायाने चप्पल जवळ ओढली आणि पुन्हा मागे टेकले.

मंदिरादी दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या. किती वेळ ते त्यांनी मोजलं नाही, आणि आयुष्यात त्यांनी न मोजलेली ती बहुधा पहिलीच गोष्ट. मग आत जाऊन त्यांनी करपलेली भाजी दोन ताटांत वाढली. शिबतोषबाबूंनी ती काही न बोलता संपवली. एरवी याला त्या समंजसपणा म्हणत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोर्षा एक तडजोड घेऊन आली. प्रत्येक प्रतीत एक चिठ्ठी घालायची, हे चित्र अकरा वेळा पाहावे.

“औषधाच्या बाटलीवर लिहितात तसं?” मंदिरादी म्हणाल्या. “कोण बघतं अकरा वेळा? एकदा बघतील आणि बघितलं म्हणतील. पानं उलटावीच लागली पाहिजेत.”

कुंडूंनी टोपी वर सरकवली.

“ते चित्र पान शहाण्णववर आहे,” मंदिरादी बोलत होत्या, “सहाव्या फर्म्याचं शेवटचं पान. सातवा फर्मा सत्त्याण्णवपासून. मध्ये एक अख्खा फर्मा घालता येईल, बाकीचं काही हलवायला नको. शिवण दुपारी आहे.”

“पण दीदी, पानं दहा,” कुंडू म्हणाले. “फर्मा सोळाचा. सहा कोरी राहतील. तुम्हाला चालेल?”

“कोरी कशाला राहतील. सोळाही तीच छापा.”

“मी अकरा दिवस केले होते,” तोर्षा हळू आवाजात म्हणाली. “तुमचे सतरा होतील.”

“अकराव्या दिवसापर्यंत माणसाला आशा असते. तुझं लग्न झालेलं नाही, तुला अंदाज नाही. आणि त्या सोळांना पानांचे आकडे घालायचे नाहीत. शहाण्णव, मग ती सोळा, मग सत्त्याण्णव.”

“म्हणजे ते दिवस मोजायचेच नाहीत,” तोर्षा म्हणाली.

“मी आकड्यांबद्दल बोलतेय. कविता करू नकोस.”

कुंडूंनी खिळ्याकडे पाहिलं आणि अवघडून म्हणाले, “दीदी, हे सगळं ठीक आहे. पण मग ते... वडिलांची पद्धत...”

मंदिरादींनी स्टुलावर चढून वही काढली. झटकली. त्यांचं अक्षर शाळेच्या फळ्यावरच्यासारखं सरळ होतं, आणि त्यांनी घाई केली नाही. पान ९६ नंतरची दहा पानं जास्तीची समजून मी काढली. ती जास्तीची नव्हती. सोळा हवीत. खाली सही, तारीख. घड्या घालणाऱ्या तिघी बायका दारात जमल्या होत्या. एकीने दुसरीला कोपर मारलं, पण कुणी हसलं नाही. देवीच्या मूर्तीचा हात मोडल्यावर मंडपात असते तशी शांतता होती.

कुंडूंनी वही हातात घेतली, वाचली, पुन्हा वाचली. त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं. उद्या नवा माणूस आला तर त्याला काय दाखवायचं, हाही प्रश्न होताच.

“एकतीस वर्षांत पहिली,” ते म्हणाले. “आणि तीही कशासाठी, तर डोक्यावर पंखा असलेल्या माणसासाठी. दीदी, रागावू नका, मला खरंच समजून घ्यायचंय. त्या चित्रात काहीसुद्धा होत नाही. बाई बसलीय, तो पडलाय. सोळा वेळा काही न होताना कुणी पैसे देऊन का बघावं? तुम्ही आमच्या शिबतोषदांना दाखवाल का हे? काय म्हणतील ते?”

मंदिरादींनी पेनाचं टोपण लावलं. शाल खांद्यावर घेतली, पिशवी उचलली, दारातल्या बायकांमधून वाट काढली आणि शिवणाऱ्याकडे जायला जिना उतरू लागल्या.