पाहुणे जेवून गेले तो रविवार

माझ्या थोरल्या भावाच्या बायकोने मला वयाच्या सहाव्या वर्षापासून वाढवलं. तिच्याविषयी मी चार परक्या माणसांना सांगितलं की ही इथली स्वयंपाकीण आहे. इंग्रजीत सांगितलं, कारण ते तिला कळायला नको होतं. गडबडीत तोंडातून निसटलं असं मी पुष्कळ दिवस स्वतःला समजावत होतो, पण ते खरं नाही. काय उत्तर द्यायचं हे मी आदल्या रात्रीच ठरवून ठेवलं होतं.

साठच्या दशकातली गोष्ट. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम चालू होतं आणि मी तिथल्या भांडार विभागात कारकून होतो. पालघरच्या शाळेत मॅट्रिक झालेला, इंग्रजी बऱ्यापैकी बोलणारा, म्हणून परदेशी इंजिनियरांना काही स्थानिक काम पडलं की मला बोलावणं यायचं. मी मुरब्याचा, मासेमारी करणाऱ्या मांगेल्याचा मुलगा. पण बोईसरला खोली घेऊन राहू लागलो तशी मी गावाची ओळख हळूहळू झाकत गेलो. विभागातली बाकीची मंडळी पुण्या-मुंबईची. माझा डबा उघडला की एकजण खिडकी उघडायचा आणि म्हणायचा, "काय हो, आज समुद्र आत घेतलात वाटतं?" सगळे हसायचे, मीही हसायचो. मग मी डब्यात बटाट्याची भाजी नेऊ लागलो. कुणी गाव विचारलं तर 'पालघर' म्हणायचो.

एका इंजिनियराचे आईवडील नाताळच्या सुट्टीत त्याला भेटायला आले. दोघंही सत्तरीच्या आसपासचे. आग्रा, दिल्ली, मुंबई करून ते दमले होते. मोठ्या हॉटेलांत त्यांना त्यांच्याच देशाचं जेवण मिळालं होतं आणि त्याचा त्यांना कंटाळा आला होता. म्हातारी सुनेला म्हणाली, मला काही बघायचं नाही, समुद्राकाठी पडायचं आहे आणि इथली माणसं घरी खातात ते खायचं आहे. साहेबांनी मला बोलावून विचारलं, अशी काही जागा माहीत आहे का? मी म्हणालो, "मुरबे नावाचं एक गाव आहे. तिथे माझ्या ओळखीचं एक घर आहे."

ओळखीचं एक घर! ते माझं घर होतं.

शनिवारी मी गावी जाऊन वहिनीला सांगितलं. दादा होडी घेऊन समुद्रावर गेला होता, चार दिवसांनी येणार होता. खरं सांगायचं तर म्हणूनच मी तो रविवार निवडला होता. दादाने पाहुण्यांच्या हातात हात घातला असता आणि 'हा माझा धाकटा भाऊ' म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली असती.

वहिनीचा आनंद मात्र मावेना. "गोरी माणसं आपल्या घरी जेवायला? भावजी, मिरची चालंल का त्यांना?"

"कमी टाक."

"अर्धी टाकते. नाय झेपली तर उरलेलं तू खा." मग जरा थांबून म्हणाली, "तुझ्या साहेबाच्या आईला मी काय म्हणू? आजी म्हणू?"

"तू काही म्हणू नकोस. मी बोलीन. तू फक्त रांध."

ती पहाटे उठली. अंगण सारवलं, सुरूच्या झाडांखाली दोन बाजा नेऊन टाकल्या, शेजारणीकडून धुतलेल्या चादरी आणल्या. साहेब, त्यांची बायको आणि म्हातारा-म्हातारी अशा चौघांना घेऊन जीप खाजणातल्या चिखलात एकदा रुतून अकराच्या सुमारास आली. पाहुण्यांना आधी शहाळी दिली. म्हातारा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभा राहिला, तो तासभर तिथेच. परत आला तेव्हा त्याच्या हातात शिंपले होते.

जेवणाला पापलेटचं कालवण, तळलेले ओले बोंबील, कोलंबीचा भात आणि तांदळाच्या भाकऱ्या. म्हाताऱ्याने पहिला बोंबील काटा-चमचा शोधत कसाबसा खाल्ला, दुसरा हाताने, आणि मग मोजणं सोडलं. हा कुठला मासा, याचा काटा कुठे गेला, असं तो पुन्हा पुन्हा विचारत होता. म्हातारी तर सरळ चुलीपाशी जाऊन बसली. वहिनी भाकरी थापत होती. म्हातारीने हात पुढे केला तशी वहिनीने तिच्या तळव्यावर पिठाचा गोळा ठेवला, तिचे हात आपल्या हातात धरले आणि थापायला शिकवू लागली. भाकरीला भोक पडलं. दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसल्या की कुडापलीकडे बघायला जमलेल्या बायकाही हसायला लागल्या.

"आजी, भाकरीला खिडकी केली गो तू!" वहिनी म्हणाली.

म्हातारीने माझ्याकडे वळून विचारलं, "ही बाई कोण? हिचंच घर का हे?"

तिथे मी ते ठरवलेलं वाक्य बोललो. म्हणालो, "नाही, ही इथली स्वयंपाकीण आहे. चांगली आहे कामाला."

वहिनी माझ्याकडे बघत होती. आपल्याविषयी काही चाललंय हे तिला कळलं होतं. "काय म्हनतात?"

"जेवण आवडलं म्हणतात."

तिने लुगड्याचा पदर तोंडाला लावला आणि भाकरी उलटली.

जेवून म्हातारा-म्हातारी सुरूखाली बाजेवर झोपली. म्हातारी घोरायला लागली तेव्हा कुडापलीकडच्या बायकांना हसू आवरेना. वहिनीने त्यांना हाकललं, "झोपू द्या गो! लांबून आल्यात, दमल्यात." आणि ती स्वतः उन्हात उभी राहून बाजेकडे येणारी कुत्री हाकत राहिली. उठल्यावर म्हातारी सुनेला म्हणाली की घर सोडल्यापासून आजच तिला खरी विश्रांती मिळाली. हे मी वहिनीला सांगितलंसुद्धा नाही.

त्याहून वाईट पुढे घडलं. निघायची वेळ झाली, पाहुणे जीपकडे चालू लागले आणि वहिनी घरातून बाहेर आली. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलेली, हातात ताट. ताटात नारळ, तांदूळ, हळदकुंकू आणि एक खण. तिला म्हातारीची ओटी भरायची होती.

मी चटकन तिच्या वाटेत उभा राहिलो. ओटी घरची बाईच भरते. कामाला आलेली बाई ताट घेऊन पुढे येत नाही. म्हातारीला हे माहीत नव्हतं, पण तिने विचारलं असतं हे काय आहे, कशासाठी आहे, आणि मला ते सांगावं लागलं असतं.

"नको वयनी. त्यांच्यात नसतं हे."

"त्यांच्यात नसंल. आपल्यात हाय ना? सवाशीण बाय माज्या घरात जेवली. रिकामी कशी धाडू?"

"जीप थांबलीय. साहेब चिडतील."

"एवढासा नारळ घालायला साहेब चिडतो?"

तोवर म्हातारी मागे वळली होती. ताटाकडे बोट करून तिने विचारलं, ही काय म्हणते? मी म्हणालो, "काम संपलं, घरी जाऊ का असं विचारते आहे."

म्हातारी परत आली, तिने वहिनीच्या गालाला हात लावला आणि मान हलवली. म्हणजे, जा बाई, खूप केलंस. वहिनीला वाटलं, आशीर्वाद दिला. तिने ताट एका हातावर तोलून वाकून नमस्कार केला. मी ड्रायव्हरशेजारी बसलो आणि जीप सुटली. आरशात मला ती दिसत होती, हातात भरलेलं ताट घेतलेली.

पंधरा दिवसांनी साहेबांच्या बायकोने मला एक पुडकं दिलं. सासूबाईंनी जाण्याआधी त्या स्वयंपाकिणीसाठी ठेवलंय, म्हणाली. उघडून बघितलं तर पांढराशुभ्र एप्रन, खिशावर निळ्या दोऱ्याची फुलं. ते मी खाडीत टाकायला हवं होतं. पण वहिनी दर रविवारी विचारायची, आजी पोचली का, काही निरोप आला का. मला वाटलं, तिला बरं वाटेल. मी ते तिला दिलं आणि आणखी एक खोटं बोललो, "त्यांच्याकडे घरच्या मालकिणीला असं देतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लुगड्यावर ते बांधून वलांडीवर गेली. बोंबील वाळवायच्या बांबूच्या चौकटींना आमच्याकडे वलांडी म्हणतात. तिथे पंचवीसतीस बायका बोंबलांच्या तोंडात तोंड अडकवून जोड्या टांगत असतात. मी सुट्टीवर होतो, होडीच्या आडोशाला बसलो होतो. बायका गोळा झाल्या, हात लावून बघू लागल्या. वहिनी सांगत होती, "साहेबाच्या आयनं धाडलंय. त्यांच्यात मालकिणीला देतात."

आमची एक शेजारीण तारापूरच्या वसाहतीतल्या अतिथिगृहात कपडे धुवायला जायची. तिने एप्रनचा बंद ओढून बघितला आणि मोठ्याने हसली. "अगो, कसली मालकीण! हे तिकडचा रांधणारा बबर्ची घालतो. मी रोज चार धुते. हळदीचे डाग निघता निघत नाय. तुला बबर्ची केलान की काय त्यांनी?"

सगळ्या हसल्या. वहिनीही हसली. मग तिने मला होडीमागे बघितलं आणि तिचं हसू थांबलं. ती माझ्याजवळ आली.

"भावजी, मी तुझी कोन म्हनून सांगितलंस त्यांना?"

मी वाळू उकरत बसलो. तिने बंद सोडला, एप्रनची नीट घडी घातली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"तुज्या दादाला बोलू नकोस यातलं काय. त्याचा हात लई जड हाय."

एवढंच. चिडली नाही, रडली नाही. रविवारी मी गेलो की माझं ताट पूर्वीसारखंच भरलेलं असायचं, पण ते झाकून ठेवलेलं असायचं. ती समोर बसायची नाही. 'अजून घे' म्हणायची नाही. मी पोटभर जेवायचो आणि उपाशी उठायचो.

गावात तिला बबर्ची हे नाव पडलं. मुद्दाम दुखवायला नव्हे, आमच्याकडे असं नाव सहज पडतं आणि मग सुटत नाही. बाजाराला निघाली की हाक यायची, "ए बबर्ची, पाटी उचलायला ये गो!" पोरं तिला बबर्ची काकी म्हणू लागली. ती ओ द्यायची. एका हळदीच्या जेवणात कुणी तरी म्हणालं, बबर्चीला बोलवा, कालवण तिलाच बघू दे, आणि दादाने मला विचारलं, "हे काय रे? हे नाव कुठनं आलं?" मी म्हणालो, "बायकांची मस्करी." वहिनी तिथेच चूल फुंकत होती. तिने मान वर केली नाही.

असं दोन वर्षं चाललं. माझं लग्न ठरलं, मुलगी बघायला ती आली, सगळे सोपस्कार तिने केले. माझ्याशी कामापुरतं बोलली.

मग साहेबांची मुदत संपली. परत जाण्याआधी त्यांची बायको म्हणाली, सासूबाई अजून पत्रातून त्या दिवसाची आठवण काढतात, जग फिरल्या पण तसं जेवण आणि तशी झोप त्यांना कुठे मिळाली नाही. त्या स्वयंपाकिणीला माझा निरोप सांगशील? मी हो म्हणून दारापर्यंत गेलो आणि परत फिरलो. म्हणालो, "ती स्वयंपाकीण नाही. ती माझी वहिनी आहे. ते घर माझं आहे. तिने मला वाढवलं. त्या दिवशी ती घरी जायची परवानगी मागत नव्हती, तुमच्या सासूबाईंना मान द्यायला आली होती. मला लाज वाटत होती म्हणून मी खोटं बोललो."

बाई एवढंच म्हणाली, "मी सासूबाईंना खरं कळवीन. पण तिला तू सांगितलंस का?"

मी त्या दिवशी कामाला दांडी मारली आणि सरळ मुरब्याला गेलो. सकाळचे दहा वाजले असतील. होड्या लागल्या होत्या. वलांडीवर त्याच सगळ्या बायका होत्या, ती शेजारीणही. दादा वाळूत बसून जाळं विणत होता. वहिनीला घरी बोलावून चुलीपाशी सांगता आलं असतं, माझ्या मनात ते आलंही. पण तिचं नाव गेलं होतं ते या बायकांसमोर. घरात मागितलेली माफी मलाच सोयीची झाली असती.

मी बूट काढले आणि वलांडीखाली जाऊन उभा राहिलो. "ही बघा स्वारी, आज सुट्टी काय?" शेजारीण म्हणाली. वहिनीने हातातली बोंबलांची जोडी टांगली आणि माझ्याकडे बघितलं. दादानेही जाळ्यावरून मान वर केली. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"वयनी, तुला बबर्ची केलान ते त्या गोऱ्यांनी नाय. मी केलं. त्यांनी इचारलं ही कोन, तर ही माजी वयनी, हिनं मला मोठं केलं, असं माज्या तोंडातनं निघालं नाय. मला तुजी लाज वाटली. तू ओटी भरायला आलीस तर मी तुला आडवलं नि त्यांना खोटंच सांगितलं. दोन वरसं लोकं तुला हाका मारतात, ती माजी करनी हाय. दादा, तूपन ऐक. वयनी, मी चुकलो. मला माफ कर."