नकाशात नसलेली पोह्याची गाडी

सदर भागातल्या आमच्या ऑफिसात कोडिंगशिवाय वेब नकाशा बनवायचं टूल निवडायचं होतं. काम आलं शेजारच्या टेबलावर. तिथले गृहस्थ लिफ्टचं बटण दाबण्याआधीही चष्मा पुसतात. त्यांनी दोन टूल्सवर शहरातल्या तर्री-पोह्याच्या गाड्या टाकून पाहिल्या. एकात रंग, आलेख, सगळं होतं. तरी त्यांनी दुसरं, साधंच निवडलं.

"काहून जी?" मी विचारलं.

"यात एक टिक काढली का ठिपका गायब होते गा!"

नकाशा सगळ्यांना आवडला. फक्त ते स्वतः रोज खातात ती गाडी त्यात नव्हती.

"तिथं गर्दी झाली तं मले तर्री उरन का?"

मला मात्र ते तिथं घेऊन गेले. काल साहेबांनी मला विचारलं, चांगले पोहे कुठं मिळतात? मी नकाशाची लिंक पाठवली.