आमवातवाल्यांचा बुधवार

महाडला आमची आमवातवाल्यांची एक टोळी आहे. दर बुधवारी नेहा डॉक्टरांच्या हॉलवर व्यायामाला जमतो. सांध्यांपेक्षा जीभ जास्त हलते, कारण अंगात न आखडणारी तेवढीच एक वस्तू उरली आहे. त्यामुळे किस्से साचत जातात. मी हायस्कूलमध्ये गणित शिकवते, पण यांचा हिशोब मलाही लागत नाही.

*

हौसाकाकी उमरठच्या वरच्या वाडीतून येतात. शेती करतात. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "काकी, मन कसं आहे?"

"मन बरं हाय. गुडघ्याला विचार."

डॉक्टरांनी समजावलं, की मनावर ताण आला की झोप उडते, दुखणं वाढतं, सकाळी हातपाय जास्त आखडतात.

"म्हंजे घरात भांडायचं नाय?"

"शक्यतो नाही."

"आनि भांडण पोटात ठेवलं तर?"

"तरी वाढतं," डॉक्टरांनी कबूल केलं.

"मग भांडून घेते."

*

माझंही सांगते. आमच्या मुख्याध्यापकांनी काळजीपोटी माझा दहावीचा वर्ग काढून घेतला. "बाई, ऑफिसात बसा. आराम करा."

केला आराम. महिन्याभरात स्वतःची वेणी घालणं जमेना. शेजारच्या वर्गात दुसरं कोणी प्रमेय शिकवायचं आणि इकडे माझी बोटं ठणकायची. एका सकाळी खडू उचलला आणि कोणाला न विचारता वर्गात शिरले. सूज होती तेवढीच होती, गोळ्याही त्याच. पण तास संपेपर्यंत बोटांची आठवण झाली नाही.

मुख्याध्यापक दारात आले. "बाई, हात दुखतील."

"सर, हात माझे आहेत," मी म्हटलं. "आणि वर्गही माझाच आहे."

ते गेले. वर्ग आजही माझ्याकडेच आहे.

*

मोरेभाऊ एसटीत ड्रायव्हर होते. त्यांचा वात पाठीच्या कण्यात. मागे बघायचं तर अख्खा माणूस वळवावा लागतो, म्हणून आता डेपोत बसून काम करतात.

एकदा त्यांचा मुलगा महाबळेश्वरहून बाइकवर निघाला आणि आंबेनळी घाटात दरड आल्याची बातमी आली. फोन लागेना. भाऊंची मान अशी धरली, की वहिनींनी चमच्यानं चहा पाजला. दोन-तीन तासांनी मुलगा चिखलानं माखून दारात उभा राहिला. थोड्या वेळात भाऊंची मान त्याला शिव्या घालण्याइतकी सैल झाली.

आम्हाला हे सांगताना भाऊ चिडलेलेच होते. "ही अंगाची गाडी माझी, पण चावी पोराच्या हातात. हा काय न्याय झाला?"

*

एकदा आम्ही सगळे सवच्या गरम पाण्याच्या कुंडावर गेलो. तिथे मुंबईचे एक गृहस्थ भेटले. न विचारता सांगू लागले, "सगळं मनाचं असतं. पॉझिटिव्ह राहा, हसत राहा. आजार पळून जाईल."

मोरेभाऊ अख्खे वळले. "साहेब, आम्ही महाडपासून हसत आलोय. तो काय पळाला नाय. आता तुम्ही बोलताय तर जरा जास्तच दुखायला लागलंय."

गृहस्थ दुसऱ्या कुंडाकडे गेले. काकी पाण्यात पाय सोडून म्हणाल्या, "आता बरं वाटलं."

*

गेल्या उन्हाळ्यात काकींच्या पुतणीचं लग्न होतं. मुंबईची सगळी मंडळी वाडीत आलेली. हळदीला डीजे लागला आणि ज्यांना दुखण्यामुळे लाकडी पिढ्यावर बसवून ठेवलं होतं, त्या काकी उठून नाचायला लागल्या. चांगली तीन-चार गाणी नाचल्या.

धाकटा दीर सगळ्यांसमोर म्हणाला, "वयनी, दुखणं कुठं गेलं? का इतके दिवस नाटक चाललं होतं?"

डीजेवाल्यानं आवाज कमी केला. काकी नाचायच्या थांबल्या नाहीत. "दुखणं थितं पिढ्यावर बसलंय. एकटंच हाय. जा, तू जरा त्याच्यासोबत बस."

दुसऱ्या दिवशी काकींना चहाचा कप धरता आला नाही. लग्नात अक्षता टाकायलाही दुसऱ्याचा हात लागला. बुधवारी त्या लंगडत हॉलवर आल्या, तेव्हा नेहा डॉक्टर खरंच रागावल्या. "काकी, एवढं दुखणार हे माहीत होतं ना? मग कशाला नाचलात?"

काकी भिंतीला धरून हळूहळू खाली बसल्या.

"रोजचं उगाच दुखतं गो," त्या म्हणाल्या. "ह्या टायमाला कशानं दुखतंय ते तरी ठावं हाय."