बांगड्याच्या वासाचा बर्फ

घोडपदेवच्या आमच्या चाळीतल्या मालवणी काकूंनी मार्गशीर्ष लागला तरी त्यांचा फ्रीज धुतला नाही, म्हणून माझी नोकरी टिकली. हे आधी सांगून टाकते.

मी परभणीकडची, सातवीतून शाळा सोडलेली. इतक्या लांब येऊन परळच्या एका बालवर्गात मावशीचं काम मिळालं, तेही "महिनाभर बघू" म्हणून. त्यामुळे टीचरनी नुसतं माझ्याकडे बघितलं तरी मी "हो" म्हणून मोकळी व्हायचे.

तेव्हा वर्गात हिवाळा चालू होता. बाहेर नव्हता, फक्त वर्गात. पंखा बंद करून पोरं माकडटोप्या घालून घामाघूम बसायची. टीचरची पद्धत अशी, की मोठ्यांनी उत्तर सांगायचं नाही. पोरांनीच हात लावून, हुंगून, बघून शोधायचं. एकीने विचारलं, "डोंगरावरच्या बर्फाला वास कसला येतो?"

टीचर म्हणाल्या, "गोळेवाल्याचा नको, भुसभुशीत बर्फ हवा. कुठे मिळेल बरं?"

माझं तोंड बोलून गेलं, "मी आणते ना शुक्रवारी."

घरी येईपर्यंत हातपाय गार पडले. माझ्याकडे गार म्हणावं असं तेवढंच होतं.

काकूंचा फ्रीज जुना, एका दाराचा. वरच्या कप्प्यात बर्फाचा भुसा इतका साचतो की दार लागत नाही. मार्गशीर्षात त्यांच्याकडे मासे बंद, म्हणून पहिल्या गुरुवारच्या आधी तो सगळा खरवडून मोरीत जातो. मी गेले तेव्हा त्या सुरी घेऊन सरसावल्याच होत्या. मी दारातूनच ओरडले, "काकू, थांबा! तो बर्फ मला शाळेत न्यायचाय!"

"गो बाय, माझो फ्रीज म्हणजे काय हिमालय आसा?"

मी रडायच्या बेताला आले. त्यांनी सुरी ठेवली. गुरुवारी पूजा मांडली तेव्हा फ्रीजवर चादर घातलेली होती. "देवीक सांगलंय," काकू म्हणाल्या, "ह्यो फ्रीज न्हय, ह्या शाळेचा सामान."

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघींनी बर्फ स्टीलच्या डब्यात भरला आणि डबा माझ्या गोधडीत गुंडाळला. बसस्टॉपवर एका आजींनी विचारलं, "किती महिन्यांचं गं बाळ?" मी म्हटलं, "आजचंच आहे," आणि पळाले.

वर्गात डबा उघडला. पोरांनी आधी बोटं खुपसली, मग एकाने नाक लावलं.

"बांगडा!"

"नाय रे, बोंबील."

"ए, बोंबील असा नसतो. माझी आजी विकते, मला माहितीये!"

टीचरनी सगळं फळ्यावर लिहिलं. बर्फ पांढरा असतो. दाबला की कुरकुरतो. त्याला बांगड्याचा वास येतो. मी कोपऱ्यात उभी राहून परभणीच्या गाडीची वेळ आठवत होते.

शाळा सुटताना एका मुलीचे वडील आले. फळा वाचून हसायलाच लागले. "अगं, मी मनालीला जाऊन आलोय. बर्फाला वासबीस काही नसतो."

"पप्पा, तुम्ही हुंगला होता?"

"हुंगला म्हणजे... नाही."

"मग?"

माकडटोप्या घातलेला अख्खा वर्ग ओरडला, "मग?"

टीचरनी शांतपणे फळ्यावर शेवटची ओळ लिहिली: काकांनी हुंगला नव्हता. आणि माझ्याकडे वळल्या. "मावशी, पोरांना आता धुकं हवंय. पुढच्या महिन्यात जमवाल ना?"

मला फक्त "पुढच्या महिन्यात" एवढंच ऐकू आलं. धुक्याचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही.

घरी आले तर काकू साबणाने फ्रीज घासत होत्या आणि घासता घासता देवीची माफी मागत होत्या. मी फडकं घेऊन बाजूला बसले. तेव्हाच मनाशी ठरवलंय: एक दिवस काकूंना खऱ्या बर्फात नेणार, मार्गशीर्ष सोडून. तिथला पहिला वास त्यांनीच घ्यायचा. बांगड्याचा नाही आला, तर घरून नेलेला तळलेल्या बांगड्यांचा डबा उघडू.