ग्लासातलं पाणी आणि चौदा खांब

आमची आत्या रस्त्यावरचे दिवे बसवते. एकोणतीस वर्षं खांबांवर चढतेय, पण चौकशा करायची खोड काही गेली नाही. एकदा दातांच्या डॉक्टरकडे आ वासून पडलेली असतानाही तिने हातवारे करून डोक्यावरचा दिवा किती वॉटचा, ते विचारलं होतं.

गेल्या वर्षी नगरपालिकेने नियम केला: रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रस्त्यावरच पडला पाहिजे, आभाळात नको, कुणाच्या खिडकीत नको. आधी एका गल्लीत करून बघायचं ठरलं. तिथल्या चौदा खांबांवर आत्याने झाकणवाले, पिवळसर दिवे बसवले आणि ‘काम नियमाप्रमाणे’ असं लिहून सही ठोकली.

आठवड्यात तक्रार आली. गल्लीतल्या नर्सबाईंना पहाटे चारला उठावं लागे आणि खिडकीतून येणारा उजेड त्यांना झोपू देत नव्हता.

नगरपालिकेतले साहेब आत्याला म्हणाले, “शुक्रवारपर्यंत मिटवा, बाई. नाहीतर जुने दिवे परत चढवा आणि नियम गुंडाळून ठेवा.”

त्याच संध्याकाळी दिवे लागताच आत्या नर्सबाईंच्या घरी.

“जाड पडदा लावून बघा की.”

“लावला. मग आत भट्टी होते. तुम्हीच झोपून बघा ना, मावशी!”

नर्सबाई वैतागून म्हणाल्या खऱ्या, पण आत्या चक्क पलंगावर आडवी झाली. उशीवरून दिवा थेट डोळ्यांत घुसत होता.

“झाकण असून दिसतो कसा हा?” ती उठून बसली. “जरा पाणी देता?”

ग्लास तोंडाकडे नेताना तिचा हात मध्येच थांबला. ग्लासातलं पाणी सरळ होतं. त्याच्या पलीकडे, खिडकीबाहेर, दिव्याचं झाकण तिरकं.

खांबाचा आडवा दांडा टोकाकडे वर उचललेला असतो. आत्याने दिवे दांड्याच्या रेषेत बसवले होते, आयुष्यभर बसवत आली तसेच. जुन्या उघड्या दिव्यांचा उजेड तसाही चहूकडे विखरायचा, त्यांना त्याने फरक पडत नव्हता. या दिव्यांचा उजेड मात्र एकाच दिशेला पडतो आणि त्यांची तोंडं समोरच्या खिडक्यांकडे वळली होती.

“अगं बाई! चौदाच्या चौदा मान वर करून बसलेत!”

“म्हणजे चूक तुमचीच?”

“माझीच. पण काय झकास चूक आहे हो!”

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांसमोर स्वतःची सही खोडली.

“दिव्यातच दोष होता असं लिहा ना,” साहेब हळूच म्हणाले. “निवृत्तीला वर्ष राहिलंय. कशाला डाग लावून घेता?”

“मग पुढच्या गल्लीतही तिरकेच बसतील, साहेब.”

दोन दिवस ती बोल्ट ढिले करत, पातळीयंत्र लावत एकेक दिवा आडवा करत होती. शुक्रवारी संध्याकाळी उजेडाची कड नर्सबाईंच्या खिडकीच्या वीतभर खाली थांबली. खालून तर ठीक दिसत होतं, पण उशीवरून? विचारायला आत्या जिना चढून गेली. बेलवर बोट ठेवलं आणि थबकली. जेमतेम साडेआठ झाले होते. दाराखालच्या फटीत अंधार होता आणि आतून संथ घोरणं ऐकू येत होतं.

चपला हातात घेऊन ती जिना उतरली.