तीन ठोके

व्हॉल्व्ह उघडण्याआधी सेतुराव पाइपावर पान्याने तीन ठोके मारायचे आणि कान लावून उभे राहायचे. आत माणूस असेल तर तो उलट ठोकणार. काहीच ऐकू आलं नाही तरच पाणी चढणार. टाकी धुवायला माणूस वर्षातून दोनदा उतरायचा. सेतुराव मात्र रोज ठोकायचे.

चेन्नईच्या कडेला आमची सरकारी वसाहत, तिची ही इंग्रजांच्या वेळची उंच टाकी. नाशिकहून मी साहेब होऊन आलो, तेव्हा तंजावरकडचे सेतुराव तिथे जुने झाले होते.

"राव, रिकाम्या टाकीला कसले ठोके?"

"एकदा नाही ठोकलों, सार. आत नाराण होता. धाकटा भाऊ माझा."

यावर शहाण्याने गप्प बसावं. मी मात्र त्यांची भीती घालवायचं ठरवलं. टाकी धुऊन झाली, माणसं जेवायला गेली आणि मी कोणाला न सांगता आत उतरलो. राव ठोकतील तेव्हा गाणं म्हणायचं, असा बेत होता! शेवटच्या पायरीवरून घसरलो आणि पाय मुरगळून मधोमध बसलो. फोन शर्टात, शर्ट बाहेर कठड्यावर. ओरडलो, तर आवाज गोल फिरून माझ्याच अंगावर आला.

खालून तीन ठोके आले. मी पाइपाकडे सरपटू लागलो. निम्म्यात होतो, तेवढ्यात समोरच्या अंधारातून उत्तर आलं. सावकाश, एकेक करून. तीन.

थोड्या वेळाने वरच्या झाकणात रावांचं डोकं दिसलं. "अय्यो सार, तुम्ही! ठोकलांत ते बरं केलांत."

"मग! प्रसंगावधान लागतं," मी म्हणालो. पुढे कित्येक वर्षं कँटीनमध्ये हीच गोष्ट मी मीठमसाला लावून सांगितली.

आपल्या निवृत्तीच्या दिवशी रावांनी पाना माझ्या हातात ठेवला, तेव्हा मात्र राहवलं नाही. "राव, त्या दिवशी ठोकणारा मी नव्हतो."

"ठावं आहे, सार. तुम्ही इतकं सावकाश कधी काय केलांत?"

गेल्या साली राव गेले. आता मी ठोकतो. बहुतेक दिवशी आत शांत असतं. एखाद्या दिवशी उत्तर येतं. मग मी वर चढतो, झाकण उघडतो, रिकाम्या टाकीत हाक मारतो आणि थांबतो. वसाहतीतून फोन येतात, लोक शिव्या घालतात.

"जरा थांबा," मी सांगतो, "आत माणूस आहे."